पात्र, अपात्र आणि बाकीचे

अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयात २००१पासूनचा एक तक्ता आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि जोडीला वर्धा. शेतकरी आत्महत्यांची जिल्हावार, महिनावार नोंद, आणि प्रत्येक जिल्ह्यापुढे पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित असे रकाने. मेलेल्या माणसाच्या घरात सातबारा होता का, कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून समिती निकाल देते. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ही रक्कम २३ जानेवारी २००६च्या शासन निर्णयातली. त्याच वर्षी जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि याच सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. तेव्हापासून अधिवेशन आलं की या तक्त्यातले आकडे वाचले जातात. आकडा वाढला की विरोधक बोलतात, घटला की सरकार बोलतं.

या मोजणीला माझा विरोध नाही. ती थांबवायची मागणी अधूनमधून दबक्या आवाजात होते, ती लबाडीची आहे. पण एवढ्या वर्षांच्या मोजणीने आपल्याला एक वाईट खोड लागली. वऱ्हाडातल्या गावाकडे आपण फक्त मेलेल्या माणसाच्या बाजूने बघायला शिकलो. त्याच गावात, तेवढंच कर्ज, तेवढीच कोरडवाहू जमीन आणि तोच पाऊस घेऊन जी शेकडो माणसं रोज सकाळी उठून वावरात जातात, त्यांच्या तब्येतीचं काय होतं? तक्त्यात त्यांना रकाना नाही. या लेखात मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

चांदूर रेल्वे तालुक्याच्या बाजूचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पोळ्याचा आठवडा. बाहेरच्या बाकावर बायका जास्त, पुरुष कमी, आणि पुरुष आलेत ते बहुतेक दुखणं अंगावर काढून काढून आलेले. मेडिकल ऑफिसर तरुण आहेत, मराठवाड्यातून आलेल्या. मी ताणाबद्दल विचारायला आलोय म्हटल्यावर हसल्या. "इथे ताण घेऊन कोणी येत नाही हो. ॲसिडिटी घेऊन येतात."

मग समोरचं रजिस्टर माझ्याकडे वळवून त्या नावं झाकून तक्रारी दाखवत गेल्या. छातीत जळजळ. मान धरली. डोकं जड. हातापायाला मुंग्या. झोप नाही. भूक नाही. पोटात गोळा. अशक्तपणा. पुन्हा अशक्तपणा. यातल्या कित्येकांचं हिमोग्लोबिन ठीक, साखर ठीक, छातीची पट्टीही ठीक. "यांना औषध काय देऊ? पित्ताची गोळी देते, बी-कॉम्प्लेक्स देते. ते म्हणतात, मॅडम, सलाईन लावून द्या. मी नाही म्हटलं की पुढच्या गावात खासगी डॉक्टर लावून देतो. तासभर पडून राहायला मिळतं, पंखा असतो, बायको शेजारी बसते. बरं वाटतंच त्यांना. मला तर कधी कधी वाटतं, त्या तासभराचाच गुण येत असेल."

त्या दिवशी मान दुखते म्हणून आलेल्या एका कास्तकाराचं बीपी १६०/१०० निघालं. वय ४१. पाच एकर, त्यात तीन एकर पऱ्हाटी, बाकी सोयाबीन आणि तूर. गालात खर्रा. डॉक्टरांनी तो आधी थुंकून यायला सांगितलं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटलेला खर्रा विदर्भात पानठेल्यावर मिळतो आणि कॅन्सरच्या वॉर्डात त्याचा हिशेब होतो. किती खाता विचारल्यावर तो म्हणाला, "पेरणीच्या टायमाले जास्त होते, मंग कमी होते." झोपेचं विचारल्यावर म्हणाला, "झोपाले टाइम कुठी आहे?"

यात काव्यबिव्य काही नव्हतं. वेळापत्रक सांगत होता तो. शेतीच्या फिडरला वीज आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात ओलितासाठी रात्री विहिरीवर जावं लागतं. शिवाय पोहरा-मालखेडचं जंगल जवळ. रोही आणि रानडुकरांचे कळप पिकात उतरतात, म्हणून जागल. मचाणावर टॉर्च, फटाके, एखादं कुत्रं. एका रात्रीत रानडुकरं अर्धा एकर उलथून टाकतात. मग घरचा एक माणूस हंगामातले कित्येक महिने तुकड्यातुकड्यात झोपतो. शहरात झोपेवर पुस्तकं खपतात, परिषदा भरतात. मचाणावरच्या माणसाची झोप कुठल्या सर्वेक्षणात धरली गेलीय, हे मला अजून आढळलेलं नाही.

* * *

ताण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकदम मोठं संकट येतं. दुष्काळ, गारपीट, २०१७ची गुलाबी बोंडअळी. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. हे मोठे घाव. पण कास्तकाराशी तासभर बोलत बसा, तो बोंडअळीवर पाच मिनिटं बोलेल आणि 'नवं-जुनं'वर अर्धा तास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीककर्ज मार्चअखेर पूर्ण फेडलं तर पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या योजनेतून व्याजाची सवलत मिळते आणि पुढच्या हंगामाचं कर्ज मिळतं. नाही फेडलं तर खातं थकीत, सिबिल बिघडलं, पुढचं कर्ज बंद. आता मार्चमध्ये एकरकमी एवढे पैसे हातात कुणाच्या असतात? तेव्हा चार-आठ दिवसांसाठी सावकाराकडून किंवा कृषी केंद्रवाल्याकडून उचलायचे, बँकेत भरायचे, नवं कर्ज मंजूर झालं की काढून त्याचे त्याला द्यायचे. कागदावर कर्ज फिटलं आणि नवं झालं. प्रत्यक्षात त्या आठ दिवसांचं व्याज अंगावर आलं. आणि त्या आठ दिवसांत बँकेचा सर्व्हर बंद पडला, साहेब रजेवर गेले, एखादा कागद कमी पडला, की आठाचे वीस दिवस होतात. "त्या दिवसाईत घरात कोणी कोणाशी बोलत नाही," असं एका बाईने मला सांगितलं. "पोरगं हसलं तरी यायले राग येते." हे म्हणजे तिचा नवरा, पलीकडच्या खाटेवर बसलेला. त्याने मान हलवली.

मार्च संपला की जून. २०२५मध्ये ४७५ ग्रॅमचं बीटी कपाशीचं पाकीट ९०१ रुपयांचं होतं. पाऊस येतो, पेरणी होते, पाऊस दडी मारतो, दुबार पेरणी. म्हणजे पाकिटं पुन्हा. त्यातच ई-केवायसी, ई-पीक पाहणी, फार्मर आयडी. २०२५मध्ये सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस विकायचा तर 'कपास किसान' नावाच्या ॲपवर नोंदणी आली. त्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये होता. कागदावर चांगला. पण केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र असतं आणि १२ टक्क्यांच्या वर काटा गेला की गाडी परत. परत म्हणजे खेडा खरेदीवाल्याच्या दारात, तो म्हणेल त्या भावाने. त्याच वर्षी, २०२५मध्ये, १९ ऑगस्टला केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वर्षअखेरपर्यंत. बोंडं अजून झाडावर होती. त्या दिवशी गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बैलांच्या झुलीचे फोटो आणि आयातशुल्काची बातमी एकापाठोपाठ एक येत होती.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर माणूस निभावून नेईल. ॲपवरची नोंदणी काय, मुलगा करून देईल. गोष्ट अशी की यातलं काहीच संपत नाही.

* * *

असा न संपणारा ताण शरीराचं काय करतो, याचा शोध जुना आहे. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी शंभर वर्षांपूर्वी, १९१५च्या सुमारास, धोका दिसला की प्राणी लढायला किंवा पळायला कसा सज्ज होतो ते मांडलं. हृदय जोरात, रक्तदाब वर, साखर रक्तात, पचन बंद. १९३६मध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांवर दाखवलं की त्रास कुठलाही असो, थंडीचा, जखमेचा की विषाचा, शरीराचं उत्तर बरंचसं सारखं असतं, आणि ते फार दिवस चाललं की पोटात व्रण पडतात, ग्रंथी बिघडतात. पुढे १९९३मध्ये ब्रूस मॅकएवन आणि एलियट स्टेलर यांनी या झिजेला 'ॲलोस्टॅटिक लोड' म्हटलं: शरीर वारंवार जुळवून घेतं आणि त्या जुळवून घेण्याचीच किंमत मोजतं.

पंपाला ऑटो स्टार्टर लावलेला कास्तकार हे लगेच ओळखेल. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. विहिरीत पाणी आहे की नाही हे ऑटोला कळत नाही. कोरडी चालत राहिली की वाइंडिंग जळतं.

शरीरातही कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक रोज पहाटे-सकाळी चढतं आणि रात्रीपर्यंत उतरतं. ते उतरायचं थांबलं, किंवा दिवसातून दहादा अवेळी चढायला लागलं, की झोप तुटते, रक्तदाब वर राहतो, पोटाभोवती चरबी जमते, जखम भरायला वेळ लागतो. त्या ४१ वर्षांच्या माणसाची मान आणि त्याचं १६० यांचा संबंध असा लागतो. अर्थात मीठ, खर्रा आणि अनुवंशही आहेच. सगळं ताणावर ढकलून मोकळं होणं हा दुसरा आळस.

पावसाचा आणि कॉर्टिसोलचा थेट संबंध केनियात तपासला गेलाय. पाऊस कमी झालेल्या वर्षी शेतकऱ्यांच्या शरीरातलं कॉर्टिसोल वाढलेलं आढळलं, आणि ते शेतीवर पोट असलेल्यांतच. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो आपल्या देशातला, तमिळनाडूतल्या विल्लुपुरम आणि तिरुवण्णामलै जिल्ह्यांतला अभ्यास. अर्थशास्त्रज्ञ सेंथिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी ऊस पिकवणाऱ्या ४६४ शेतकऱ्यांना तेच आकलनाचे प्रश्न दोनदा दिले, तोडणीआधी हातात पैसा नसताना आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर. माणूस तोच, शिक्षण तेच. तोडणीआधी उत्तरं वाईट आली. २०१३मध्ये 'सायन्स'मध्ये हे छापून आलं. कृषी खात्याचे अधिकारी "शेतकरी नियोजन करत नाही" म्हणतात तेव्हा मला हा अभ्यास आठवतो. ज्या मेंदूकडून नियोजनाची अपेक्षा आहे, तो त्याच महिन्यात हप्त्यात अडकलेला असतो.

* * *

आता बायकांकडे येतो. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती, कारण आरोग्य केंद्राच्या बाकावर त्याच जास्त होत्या.

पुरुषाचं कर्ज वर्षाचं, बाईचं आठवड्याचं. मायक्रोफायनान्सच्या गटाची मीटिंग ठरल्या वारी ठरल्या वेळी भरते. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या बायका थांबून राहतात, आणि त्या बाकीच्या म्हणजे शेजारणी, जावा, मुलीच्या मैत्रिणीची आई. बँकेच्या साहेबाला तोंड चुकवता येतं. शेजारणीला कसं चुकवणार? निंदणाची मजुरी, मग वेचणीची किलोवर मजुरी, त्यातून हप्ता. घरात पुरुष पितो तिथे हप्त्याचे पैसे तांदळाच्या डब्यात लपवावे लागतात आणि तो डबा त्यालाही माहीत असतो.

त्यांच्या तक्रारी तीन: कंबर, अशक्तपणा आणि 'पांढरं जातं'. शेवटची तक्रार डॉक्टर बहुतेकदा जंतुसंसर्ग म्हणून घेतात, गोळ्यांचं पाकीट देतात, बाई पुन्हा येते. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात हजारो बायकांमध्ये याचा शोध घेतला. प्रयोगशाळेत तपासल्यावर या तक्रारीशी संसर्गापेक्षा जास्त घट्ट नातं मानसिक त्रासाचं, घरच्या जाचाचं निघालं. मी हे मेडिकल ऑफिसरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माहीतेय. पण ओपीडीत एका पेशंटला मी किती मिनिटं देऊ शकते? तेवढ्यात बाई खोकलासुद्धा नीट सांगत नाही."

नवरा गेल्यावर तर सगळंच कर्ज तिचं होतं, जमीन मात्र होईलच असं नाही. महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली, त्यात सुमारे ४० टक्के बायकांच्या नावावर शेतीचा हक्क लागलेलाच नव्हता. सातबारा सासऱ्याच्या नावे, पीककर्ज नाही, ॲपवर नोंदणी नाही.

* * *

मानसोपचार डॉक्टर देशात लाखामागे एकसुद्धा नाही, आणि जे आहेत ते शहरात. तेव्हा हे काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं, या विचाराचं एक मोठं केंद्र गोव्यातली 'संगाथ' ही संस्था. पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये तिची स्थापना केली. गोव्यातल्या २४ दवाखान्यांत त्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांना डॉक्टरच्या जोडीला बसवून पाहिलं. २०१०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. सरकारी दवाखान्यांतल्या रुग्णांना फरक स्पष्ट पडला.

त्याच वाटेने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' आला: विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्राम. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांचं काम. गावातलीच माणसं निवडून त्यांना ऐकायला शिकवलं, त्यांच्या वर समुपदेशक, त्याच्या वर अधूनमधून येणारा मानसोपचारतज्ज्ञ. बैठका घेताना 'डिप्रेशन' मांडायचं नाही, घरातल्या, शेतातल्या ताणापासून बोलायला लागायचं. आधीच्या आणि १८ महिन्यांनंतरच्या पाहणीची तुलना अशी: नैराश्य असलेल्यांपैकी कुठलीतरी मदत घेतलेले लोक आधी ४.३ टक्के होते, नंतर २७.२ टक्के. नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर. गेल्या वर्षभरात जीव द्यायचे विचार आलेले ५.२ वरून २.५ टक्क्यांवर. तुलनेसाठी दुसऱ्या, कार्यक्रम नसलेल्या गावांचा गट नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. पाऊसपाण्यानेही फरक पडला असेल. तरी शंभरातल्या चार जणांनी मदत घेणं आणि सत्तावीस जणांनी घेणं, यातला फरक नुसत्या पावसाने पडत नाही.

राज्य सरकारनेही २०१५मध्ये १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. गावातल्या आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन शेतकरी कुटुंबांची विचारपूस करायची, गरज वाटली तर पुढे पाठवायचं, १०४ वर फोन. आता १४४१६ हा टेलिमानसचाही नंबर आहे, ऑक्टोबर २०२२पासून, मराठीत बोलता येतं. फोन फुकट आहे. घरातल्या कुणाच्या कानावर न जाता बोलायला जागा कुठे, हा प्रश्न गावात वेगळा सोडवावा लागतो. बहुतेकदा वावर.

मी एका आशाताईंबरोबर गेलो. वय चाळिशीच्या आत, १६ वर्षांची मुलगी, नवरा ऑटो चालवतो. नऊ प्रश्नांचा कागद त्यांच्या पिशवीत होता, पण त्यांनी तो बाहेर काढला नाही. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कामात रस वाटला नाही, किती दिवस झोप लागली नाही, अशा नऊ प्रश्नांना शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त २७, आणि १० झाली की लक्ष द्यायचं. घरात सासू होती. आशाताईंनी तिला आधी चहा मांडायला लावला, मग सुनेजवळ बसत विचारलं, "करमते का गं?" ती काही बोलली नाही. "जेवण जाते?" "जाते थोडं." "रातच्याले जाग येते?" "येते." "कवा?" "तीन वाजता. मंग लागतच नाही." असं करत करत नववा प्रश्न आला, आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटण्याचा. त्यावर सुनेने दाराकडे बघितलं. चहा यायच्या आत आशाताईंचं विचारून झालं होतं. घराबाहेर पडल्यावर त्यांनी कागद काढला आणि आकडे भरले. बेरीज १४.

"तपासायला पाठवते," त्या म्हणाल्या. "गोळी लागेल तर देतील मॅडम. पण तिची मेन गोष्ट निराळी आहे. नवऱ्याचं खातं थकलंय, आणि त्याच खात्यात तिचे योजनेचे पैसे कापून घेतले बँकेने."

इथे मला आपल्या समुपदेशनाच्या कल्पनेबद्दल प्रामाणिक शंका आहे. नुसतं ऐकून घेणं म्हणजे कधी कधी सलाईनचाच प्रकार होतो: तासभर बरं. दुसरीकडे, नुसते पैसे वाटणाऱ्या सरकारला ही सून कधीच दिसत नाही, कारण ती अर्ज करत नाही, तिला तीन वाजता जाग येते एवढंच. ऐकणारं आणि अर्ज भरून देणारं माणूस एकच असेल तर काम पुढे सरकतं, असं मला त्या गावात दिसलं. आणि ते माणूस म्हणजे आशाताई. जंतनाशक गोळ्या, गरोदर बायकांच्या नोंदी, क्षयाचे रुग्ण, आयुष्मान कार्ड, सगळं करून उरलेल्या वेळात. २०२४च्या जानेवारीत राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या, आझाद मैदानात बसल्या, मार्चमध्ये मोबदल्यात महिना पाच हजारांची वाढ पदरात पडली. मी सहज विचारलं, तुम्ही स्वतः कधी या नऊ प्रश्नांची उत्तरं दिलीत का? त्या म्हणाल्या, "ट्रेनिंगमध्ये एकमेकींवर प्रॅक्टिस केली ना. माझी बेरीज ११ आली होती. मॅडम म्हणाल्या, पेन्सिलने लिहा, खोडून टाका."

त्या सुनेने गोळ्या सुरू केल्या. फोनवर आशाताई सांगत होत्या की झोप थोडी सुधारलीय, सासू कुरकुरतेय की झोपाळू झाली. पैशाचं काम राहिलं होतं. सून म्हणाली होती, "ताई, गोळी खातो मी. पण बँकेत तुमी संगं चाला." आशाताई आपला एक दिवस मोडून गेल्या. योजनेचे पैसे कर्जात वळते करायचे नाहीत, असं सरकारी पत्र एका शिक्षकाने मोबाइलवर शोधून दिलं होतं, त्याची प्रिंट काढून नेली. मॅनेजरनी ती वाचली, झेरॉक्स ठेवून घेतली आणि सोमवारी यायला सांगितलं. सोमवारी वेचणीचा पहिला दिवस आहे, दोघींचाही.